कुत्रा लंगडतोय, जखम दिसत नाही: दोन दिवस थांबायचं की आजच डॉक्टरकडे?

एका सकाळी इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घराच्या जिन्यावरून शेरू तीन पायांवर उतरला. रक्त नाही, सूज नाही. आई म्हणाली, "मुरगळला असेल, दोन दिवसांत ठीक होईल." मला तेव्हाच दवाखाना गाठायचा होता. पुढे दोन्ही वाटा चालून झाल्या, म्हणून लिहितेय.

आधी पंजा नीट बघा. "जखम नाही" असं आपण बहुतेकदा वरवर पाहून म्हणतो. बोटं फाकवून टॉर्च मारा. शेरूच्या दोन बोटांच्या बेचक्यात मुगाएवढी गोचीड टम्म फुगून बसली होती. ती काढली आणि संध्याकाळपर्यंत स्वारी ठीक. काटा, चिरलेलं नख, उन्हाळ्यात डांबरावर भाजलेल्या पंजाखालच्या गाद्या हेही तिथेच सापडतं. कोणता पाय ते कळत नसेल तर मान बघा: पुढचा दुखरा पाय टेकताना कुत्रा मान वर उचलतो.

पंजात काही नसेल, तर घरी थांबणं कधी योग्य? कुत्रा पाय टेकवतोय, जेवतोय, अंगात ताप नाही, तेव्हा. साधं मुरगळणं एक-दोन दिवसांत उतरू लागतं आणि खर्चही वाचतो. पण थांबायचं म्हणजे खरोखर विश्रांती द्यायची, आणि घरोघरी नेमकं हेच होत नाही. जिना बंद, सोफ्यावर उडी बंद, चेंडू बंद. शी-शूपुरतं पट्टा लावून बाहेर. गुळगुळीत फरशीवर सतरंज्या टाका. बर्फ टॉवेलात गुंडाळून दहा मिनिटं धरा, तेल लावून चोळू मात्र नका. आत तडा गेला असेल तर चोळण्याने नुकसान होतं. आणि घरातली पॅरासिटामॉल, आयब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक अर्धी गोळीसुद्धा देऊ नका. पोटात अल्सर होतात, मूत्रपिंड, यकृत निकामी होऊ शकतं. हे हात जोडून सांगते.

त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं ते पाय अजिबात टेकवत नसेल, लोंबकळत असेल, हात लावताच केकाटत असेल, सूज भरभर वाढत असेल किंवा चालताना नखं जमिनीवर घासत असतील तर. शेवटचं लक्षण पाठीच्या कण्याकडे बोट दाखवतं, तिथे थांबण्यात अर्थ नाही. ताप गुदद्वारात थर्मामीटर ठेवून मोजा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे आपल्या हिशेबाने घाबरू नका. १०३ च्या वर मात्र निघा.

आमची चूक दुसऱ्या खेपेला झाली. ऑगस्टमध्ये शेरू पुढच्या उजव्या पायाने लंगडत होता, दोन दिवस थांबलो. तिसऱ्या दिवशी लंगडणं मागच्या डाव्या पायात गेलं आणि त्याने पोळी हुंगून सोडून दिली. एका दवाखान्यात एक्स-रे काढला, स्वच्छ निघाला, पैसे गेले. दुसरीकडे रक्त तपासलं तेव्हा प्लेटलेट खाली आलेले: टिक फीवर, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणारा आजार. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा चार आठवड्यांचा कोर्स झाला. म्हणून माझं मत असं: लंगडणं पाय बदलत असेल, सोबत ताप असेल, अंगावर गोचिडी असतील, तर आधी रक्ततपासणी मागा. पाच ते अठरा महिन्यांच्या मोठ्या जातीच्या पिल्लांतही पाय बदलत लंगडणं दिसतं, ते हाडांच्या वाढत्या वयातलं दुखणं असू शकतं. तिथे एक्स-रेचा उपयोग होतो. लॅब्राडॉर एकाच मागच्या पायावर जोर देत नसेल, बसताना तो बाजूला काढत असेल तर गुडघ्याच्या लिगामेंटची शंका घ्या. पोमेरेनियन दोन पावलं उड्या मारून पुन्हा नीट चालू लागला तर गुडघ्याची वाटी सरकत असावी. ते अर्जंट नसतं, पण दाखवा.

गल्लीजवळचा दवाखाना की इंदूरजवळच्या महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय? तातडीला जवळचाच बरा, दुखऱ्या कुत्र्याला पंचवीसेक किलोमीटर गाडीत हलवत नेऊ नका. निदान अडलं, तर मात्र महू गाठणं चांगलं.

निघण्याआधी घरीच त्याच्या चालण्याचा व्हिडिओ काढा, समोरून आणि बाजूने. दवाखान्यातल्या टेबलाजवळ गेला की शेरू भीतीने सरळ चालायला लागतो. त्या दिवशी डॉक्टरांनी तो व्हिडिओ फोनवरच दोनदा बघून पाय ओळखला.