लॉरा आरएसला शॉर्ट शिफ्टर: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

शॉर्ट शिफ्टर म्हणजे गिअरच्या दांड्याचा प्रवास लहान करणारं किट. गाडी स्कोडा लॉरा आरएस, म्हणजे लॉराची स्पोर्टी आवृत्ती. १.८ टीएसआय पेट्रोल, १६० पीएस, २५० न्यूटन-मीटर, सहा गिअर, सगळे हाताने टाकायचे. पासिंग एमएच ३१, म्हणजे नागपूर. ही गाडी २०११ मध्ये भारतात आली तेव्हा परदेशातल्या आरएसला दोन लिटरचं इंजिन होतं आणि आपल्याकडे १.८ दिलं, त्यामुळे ‘ही काही खरी आरएस नाही’ असं ऐकवणारे तेव्हाही होते, आजही पेट्रोल पंपावर भेटतात. भेटोत बापडे. आजकाल ह्या ताकदीच्या बऱ्याच गाड्या ऑटोमॅटिकच येतात, त्यामुळे क्लच आणि गिअरचा दांडा असलेली गाडी हातची सोडायची नाही, हे आमचं ठरलेलं आहे.

पण वयाप्रमाणे दांडा ढिला झाला होता. न्यूट्रलमध्ये बोटाने हलवला तरी इकडेतिकडे डोलायचा, आणि दुसऱ्यातून तिसरा टाकताना गार झालेल्या पिठल्यात पळी फिरवल्यासारखं वाटायचं. गिअर पडायचा, पण पडला हे हाताला कळायचं नाही. म्हणून मागच्या दिवाळीच्या सुमारास कामाला हात घातला. सगळं एकदम न बदलता एकेक वस्तू लावायची, काही आठवडे चालवायची, मग पुढची, असा क्रम ठेवला. फरक नेमका कशाने पडला हे त्याशिवाय कळत नाही, आणि किट विकणारे ते सांगत नाहीत.

पहिला नंबर बुशांचा, म्हणजे जोडांच्या भोकांत बसणाऱ्या छोट्या कड्यांचा. ह्या गाडीत दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत दोन केबली जातात. एक पुढे-मागे ओढते, दुसरी डावी-उजवी गल्ली निवडते. ह्या केबली गिअरबॉक्सवर एका ब्रॅकेटला धरलेल्या असतात आणि ते ब्रॅकेट रबराच्या बुशांवर बसतं. इंजिनाची उष्णता आणि वर आपला मे महिना, रबर किती वर्षं टिकणार? दांडा ढकलला की आधी ते रबर दबतं, मग ब्रॅकेट सरकतं, आणि उरलेली हालचाल केबलीला मिळते. हिंगणा एमआयडीसीत एका लेथवाल्याकडून जुन्या बुशांच्या मापाचे पितळी बुश काढून घेतले. तो माप घेता घेता म्हणाला, “भाऊ, कायले बदलवता? चांगली तर चालून राह्यली गाडी.” तरी बुश मात्र त्याने सुरेख काढले.

फरक त्याच दिवशी जाणवला. सगळ्या खर्चातला सर्वांत स्वस्त भाग हा, आणि सुधारणेतला निम्म्याहून मोठा वाटाही ह्याचाच.

त्यानंतर केबलींची सेटिंग. हे फुकटचं काम आहे आणि बहुतेक गॅरेजांत कोणी करत नाही. बॅटरी आणि तिचा ट्रे काढला की गिअरबॉक्सचा वरचा भाग दिसतो. केबलींच्या टोकांवरचे स्प्रिंगचे कॉलर मोकळे करायचे, सिलेक्टर शाफ्ट खाली दाबून शेजारचा छोटा अँगल फिरवला की तो जागी अडकतो, आणि आत गाडीत दांड्याच्या हाउसिंगमधल्या भोकात पिन घालून दांडाही अडकवायचा. पिन नसेल तर साडेचार मिलिमीटरचं ड्रिलचं बिट चालतं. दोन्हीकडे अडकवल्यावर कॉलर पुन्हा बसवले की केबलींची लांबी अचूक जुळते. पाचव्यातून चौथ्यात येताना दांडा मधेच अडखळायचा, तो ह्यानंतर थांबला.

इथवर मूळ दांडाच होता, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच जणांनी इथेच थांबावं.

मी थांबलो नाही, कारण लहान थ्रो, म्हणजे गिअर टाकताना दांड्याचा कमी प्रवास, हवाच होता. बाहेरून मागवलेलं किट वाहतूक आणि ड्यूटी धरून १५ हजारांच्या पुढे गेलं. ते गिअरबॉक्सवरची लिव्हर बदलतं, त्यामुळे मुठीने कमी अंतर ढकललं तरी गिअरबॉक्सला पूर्ण हालचाल मिळते. गणित साध्या तरफेचं आहे: अंतर तीस टक्क्यांनी घटलं की जोर साधारण चाळीस टक्क्यांनी वाढतो, कारण आतलं काम तेवढंच राहतं. जाहिरातीत पहिला आकडा मोठ्या अक्षरात असतो, दुसरा कुठेच नसतो.

किट घेताना एक गोष्ट नक्की बघा. मूळ लिव्हरवर एक जड लोखंडी वजन असतं. हलकं करायच्या नादात काही किट ते काढून टाकतात. ते वजन तिथे उगाच नाही: दांडा एकदा निघाला की त्याच्या वेगामुळे सिंक्रो रिंगचा, म्हणजे गिअर पडण्याआधी दोन गती जुळवणाऱ्या कड्याचा, प्रतिकार पार व्हायला मदत होते. माझ्या किटमध्ये मूळ वजन परत बसवायची सोय होती. महिनाभर वजनाशिवाय चालवून पाहिलं, डिसेंबरच्या पहाटे दुसरा गिअर अक्षरशः नाही म्हणायचा. वजन परत चढवल्यावर नाही म्हणणं सौम्य झालं, गेलं मात्र नाही. ऑइल गरम होईपर्यंत धरमपेठेतून बाहेर पडताना अजूनही हळूच टाकावा लागतो. ऑइलवरून आठवलं, त्याच वेळी तेही बदललं, ७५डब्ल्यूचं सिंथेटिक, जीएल-४ ह्या दर्जाचं. ‘जीएल-५ म्हणजे वरचा दर्जा’ असं सांगून कोणी ते गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, त्यातली काही रसायनं पितळी सिंक्रोला मानवत नाहीत.

आता रोजच्या वापराचं. सीताबर्डीत संध्याकाळी, व्हरायटी चौक ते झाशी राणी चौक, पहिला-दुसरा-पहिला करताना वाढलेला जोर मनगटाला कळतो. बायको एकदा गाडी घेऊन गेली आणि येऊन म्हणाली, “अहो, हा दुसरा गिअर टाकायला दोन हात लागतात का?” दोन लागत नाहीत, पण तिचं म्हणणं खोटंही नाही. आता ती स्कूटर नेते. समृद्धीवर तर ह्या किटचा उपयोग शून्य. सहावा टाकला, १२० च्या मर्यादेत राहिलं, की टोल येईपर्यंत दांड्याला हात लागत नाही.

पैसे वसूल होतात ते परतवाड्यावरून चिखलदऱ्याला चढताना. वळणामागून वळण, दुसरा-तिसरा-दुसरा, आणि प्रत्येक वेळी मनगटाच्या एका हिसक्यात गिअर ‘टक्’ करून बसतो, हात स्टिअरिंगवर परत. टर्बोचा दाब पडायच्या आत पुढचा गिअर लागलेला असतो. पण किटमुळे गाडी वेगवान होत नाही, हे ध्यानात ठेवा. सिंक्रोला दोन गतींचा मेळ घालायला जो वेळ लागतो तो तेवढाच लागतो. हात लहान थ्रोला सरावला की घाई करावीशी वाटते आणि मग वरच्या आरपीएमला तिसरा टाकताना ‘कर्र’ ऐकू येतं. दांडा ढकलून क्षणभर टेकवून धरायचा, तो स्वतःच आत जातो. ही सवय लावायला मला हिवाळा पुरला.

गिअरबॉक्सखालच्या माउंटमध्ये पॉलियुरेथेनचा, म्हणजे रबरापेक्षा कडक प्लास्टिकचा, तुकडाही घातला होता. ॲक्सिलरेटर सोडला-दाबला की इंजिन पुढे-मागे झुलतं आणि दांडाही झुलवतं, ते बंद झालं. पण मे महिन्यात एसी पूर्ण लावून सिग्नलला उभं राहिलं की डॅशबोर्ड थरथरायला लागतो. पावसाळ्यात तो तुकडा काढून टाकला. पंचेचाळीस अंशांत कोणी विना-एसीचा हट्ट धरत असेल तर त्याने जरूर ठेवावा.

आणि नॉब, म्हणजे दांड्याच्या टोकाची मूठ! जड स्टीलचा, फोटोत देखणा. मूळ नॉब आणि खालचं कातडी बूट, म्हणजे दांड्याभोवतीचं आवरण, एकत्र येतात, मधला क्लॅम्प कापावा लागतो, आणि दांड्याला आटे नसल्याने ॲडॅप्टर लागतो, हे आधी समजून घ्या. ह्या गाडीत रिव्हर्ससाठी अख्खा दांडा खाली दाबायचा असतो म्हणून निभावलं. नॉबखालची रिंग उचलावी लागणाऱ्या गाड्यांत भलताच नॉब लावला तर रिव्हर्सच गमवाल. वजनामुळे गिअर खरंच सहज पडतात. पण दुपारी दोनला उन्हात उभी केलेली गाडी उघडली की त्या नॉबला हात लावून दाखवा. एप्रिल ते जून डोक्याला बांधायचा दुपट्टा आधी नॉबवर टाकून मगच गाडी सोडायची. पुढच्या उन्हाळ्यात डेलरिन ह्या कडक प्लास्टिकचा लावणार आहे, थोडा हलका असला तरी.

पावसाळ्यात एकदा गिअरबॉक्सवरच्या पिव्हटमधून कुरकुर यायला लागली होती. साफ करून ग्रीस लावलं, गेली. पितळी बुशांना अजून काही झालेलं नाही.

ज्यांना आधी फक्त बुश करायचेत त्यांनी जुने बुश काढून सोबत न्यावेत, पण दबलेल्या बाजूचं माप देऊ नये. बुशाच्या आत असते त्या, बोल्ट जिच्यातून जातो त्या स्लीव्हची (धातूच्या नळीची) लांबी मोजा, पितळी बुश तिच्याहून केसभर कमीच ठेवायला सांगा, नाहीतर बोल्ट आवळल्यावर सगळा भार स्लीव्हऐवजी बुशावर येतो आणि ब्रॅकेट तिरकं बसतं.