टिंबक्टू की जेने?

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातली ही दोन्ही जुनी व्यापारी गावं १९८८ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. जेने बानी नदीकाठचं. तिथली मातीची भव्य मशीद १९०७ सालची. दरवर्षी सारं गाव मिळून ती नव्यानं लिंपतं. सोमवारचा बाजारही तिच्यासमोरच भरतो. डोळ्यांचं पारणं फिटावं ते जेनेतच.

तरी माझा कौल टिंबक्टूला. सहारातल्या ताउदेनी इथल्या खाणींतल्या मिठाच्या लाद्या वाळवंटातून उंटांवर लादून इथे येत आणि काही किलोमीटरवरच्या नायजर नदीतून होड्यांनी पुढे जात. पण खरं धन म्हणजे घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेली हस्तलिखितं. २०१२ मध्ये सशस्त्र गटांनी गाव ताब्यात घेतल्यावर लोकांनी जिवावर उदार होऊन ती राजधानी बामाकोला हलवली.

आज मात्र दोन्हीकडचा प्रवास धोक्याचा आहे. तूर्त जाऊ नये.