आईबाबांसोबत काय बघायचं: ‘पंचायत’ की ‘गुल्लक’?

मैत्रिणीचा प्रश्न होता: आईबाबा महिनाभर राहायला आलेत, रात्री जेवणानंतर एकत्र काय लावू? दोन्ही मालिका टीव्हीएफ या निर्मिती कंपनीच्याच, दोन्ही हिंदी, पण जात वेगळी.

वेळेचं गणित सोपं आहे. ‘गुल्लक’च्या पहिल्या चार सीझनमध्ये प्रत्येकी पाचच भाग, तेही साधारण अर्ध्या तासाचे. ‘पंचायत’मध्ये दर सीझनला आठ, आणि थोडे लांब.

खरा फरक गोष्टीच्या सलगतेत आहे. ‘गुल्लक’मधल्या मिश्रा कुटुंबाच्या घरातला प्रत्येक भाग जवळपास स्वतंत्र असतो: विजेचं बिल, नातेवाइकांचं लग्न, मुलाचा निकाल. मधला भाग चुकला, बाबा झोपून गेले, काही बिघडत नाही. ‘पंचायत’मधल्या फुलेरा गावात तसं चालत नाही. अभिषेक ग्रामपंचायतीचा सचिव म्हणून येतो तिथपासून क्रमानेच बघावं लागतं. दुसऱ्या सीझनचा शेवट घशाशी आवंढा आणतो, तोही आधीचं पाहिलं असेल तरच. पुढे निवडणुकीचं राजकारण वाढत जातं आणि माझ्या मते तिथे पहिल्या दोन सीझनची मजा पातळ होते.

भाषेचं म्हणाल तर ‘पंचायत’मध्ये मधूनमधून शिव्या आहेत. ‘गुल्लक’ त्या मानाने सोवळी. शिवाय आईच्या भूमिकेत आपली गीतांजली कुलकर्णी. तिची चिडचिड बघून आमच्या घरी सगळे आईकडेच बघत होते!

रोज एखादाच भाग, घरात लहान मुलं, येणंजाणं चालू असेल तर ‘गुल्लक’. सगळे रोज ठरल्या वेळी बसणार असतील, किंवा गावाकडच्या कारभाराची आवड असेल, तर ‘पंचायत’.