मातीचा किल्ला, समोर समुद्र: बंधारा, वाळू की गवत?

दगडी किल्ल्याचा चिरा निखळला तर उचलून पुन्हा बसवता येतो. मातीच्या तटाला ती सोय नाही. ओघळलेली माती परत रचून आकार मिळेल, पण सैनिकांनी आणि गुलामांनी फावड्याने चढवलेले मूळ थर मिळणार नाहीत. म्हणून अमेरिकी यादवी युद्धातल्या किनारी किल्ल्याचा जतन-आराखडा करायला बसलात, तर आधी हे ठरवा: माती खातंय कोण? लाट, की पाऊस आणि पाय?

लाट असेल तर नॉर्थ कॅरोलायनातला फोर्ट फिशर पाहा. १९२० च्या दशकात रस्त्यासाठी तिथला शिंपल्यांचा खडक किनाऱ्यावरून काढला गेला, लाटांना मोकळं रान मिळालं आणि समुद्राकडची बरीचशी तटबंदी वाहून गेली. उरलेली वाचवायला १९९६ मध्ये दगडी बंधारा पूर्ण झाला. बंधाऱ्यामागची माती टिकते, हे खरं. पण समोरची पुळण आक्रसते आणि बंधारा जिथे संपतो तिथे धूप वाढते. वाळूभरणीने किनाऱ्याचं रूप राखता येतं, मात्र उधाण ती वाळू ओढून नेतं आणि भरणी पुन्हा पुन्हा करावी लागते. दरवर्षी निधीची खात्री नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

तिसरी वाट माघारीची. नॉर्थ कॅरोलायनातल्याच केप हॅटरसचं दीपगृह धूप जवळ आल्यावर १९९९ मध्ये सुमारे ८८० मीटर आत सरकवलं. मातीचा कोट असा उचलता येत नाही. इथे माघार म्हणजे उत्खनन, मोजणी, नकाशे, आणि मग निरोप. साउथ कॅरोलायनात चार्ल्सटनजवळच्या मॉरिस बेटावरचा फोर्ट वॅगनर, जिथे १८ जुलै १८६३ रोजी उत्तरेच्या बाजूने लढणाऱ्या ५४ व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीतले कृष्णवर्णीय सैनिक हल्ला करत चढून गेले, आज समुद्राने गिळला आहे. बंदराच्या तोंडाशी बांधलेल्या धक्क्यांनी बेटाकडे येणारी वाळू अडवली होती. तुमच्या बंधाऱ्यामुळे शेजारचा किनारा तर जाणार नाही ना, हे आधी तपासून घ्या.

जॉर्जियातला फोर्ट मॅकॅलिस्टर खुल्या समुद्रावर नाही, ओगीची नदीकाठी आहे. अशा जागी बंधाऱ्यावर पैसा घालणं व्यर्थ; तिथे लढाई गवताची. आखूड कापलेली हिरवळ दिसते छान, पण लोकांना उतारावर चढायला बोलावते. उंच स्थानिक गवत मातीही धरतं आणि माणसांनाही लांब ठेवतं. झाडांचा पालापाचोळा पावसाचा मारा झेलतो, पण वादळात जुना पाइन उन्मळला की मुळांच्या गड्ड्यासोबत तटाचा लचकाच निघतो. धोक्याचं झाड जमिनीलगत कापा, बुंधा उपटू नका. चढायला लाकडी जिना द्या.

आणि पुनर्बांधणी? दुसऱ्या महायुद्धात फोर्ट फिशरचे काही उंचवटे धावपट्टीसाठी सपाट केले गेले. मूळ माती अशी आधीच गेली असेल, तिथेच नवा उंचवटा उभारा. शाबूत उतारावर नवी माती चढवायला माझा ठाम विरोध आहे.