घडवंचीवरचा कॅब : आठ महिन्यांनंतर

सांगलीच्या गावभागात राहणाऱ्यांना पावसाळ्यात सामान उचलून ठेवायची सवय असते. २०१९ चा महापूर पाहिल्यापासून तर आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागलं, की आमच्याकडे खालच्या वस्तू वर जातात. गेल्या जुलैतही तेच झालं. गिटारचा कॅब, म्हणजे स्पीकरची पेटी, एकट्याला माडीवर नेता येईना, म्हणून तात्पुरता आजीच्या घडवंचीवर चढवला. पाणी काही दारापर्यंत आलं नाही. संध्याकाळी अॅम्प लावला, पहिला कॉर्ड वाजवला आणि हात थांबला. तंबोऱ्याची जवारी नीट लागली की स्वर कसा उघडतो, ते मिरजेच्या शेजारी राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. तसंच काहीसं झालं होतं.

कॅब साधा आहे : मागून बंद, आत १२ इंची सेलेस्टियन व्हिंटेज ३० स्पीकर, उंची जवळपास ५० सेंमी. घडवंची ५५ सेंमी. खाली शहाबादी फरशी.

आधी मला वाटलं, फरशी हादरायची थांबली म्हणून फरक पडला. खात्री करायला कॅब पुन्हा खाली ठेवला आणि चार कोपऱ्यांखाली जुन्या सायकल ट्यूबच्या जाड घड्या घातल्या. आवाज जराही बदलला नाही. म्हणजे दगडी जमिनीवर प्रश्न हादऱ्यांचा नव्हता, फरशीवरून उसळून येणाऱ्या आवाजाचा होता.

मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मी स्पीकरपासून २ मीटरवर खुर्चीत बसतो, कान जमिनीपासून सव्वा मीटरच्या थोडे खाली. आवाज कानाशी दोन वाटांनी येतो, एक सरळ आणि एक फरशीवर आपटून. दोन्ही वाटांच्या लांबीत जितकं अंतर पडतं, त्याच्या दुप्पट लांबीच्या लहरी एकमेकींना मारतात आणि तेवढ्या सुरांत खड्डा पडतो. कॅब जमिनीवर असताना ते अंतर पाव मीटर भरतं, म्हणजे ६९० हर्ट्झच्या आसपास खड्डा. गिटारचा कंठ जिथे असतो नेमक्या त्याच भागात! घडवंचीवर चढवल्यावर अंतर पाऊण मीटर होतं आणि खड्डा २३० हर्ट्झकडे सरकतो, जिथे बाकी वाद्यांत गिटारचा नुसता चिखल होतो. मधला भाग भरून आला आणि चिखल कमी झाला, तो असा. खालच्या ई तारेचा ८२ हर्ट्झचा सूर मात्र फारसा हलत नाही, कारण ती लहर चार मीटरहून लांब असते. तिला अर्धा-पाऊण मीटर वर उचलल्याचं विशेष काही वाटत नाही.

दुसरी गोष्ट ट्रेबलची. १२ इंची स्पीकर वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे समोर फेकतो. इतकी वर्षं तो झोत माझ्या पोटऱ्यांवर पडत होता. मला ऐकू येत नाही म्हणून मी ट्रेबल ७ वर ठेवायचो आणि समोर बसलेल्यांच्या कानात सुया टोचायच्या. आता ट्रेबल ४ वर आहे. हे मला फार आधी कळायला हवं होतं, कारण गणपतीत पुढच्या रांगेतल्या मंडळींनी दोनदा सांगितलं होतं आणि मी दोष गिटारला दिला होता.

मांडवातल्या स्टेजवर फरक सगळ्यात मोठा. तिथे खाली फळ्या, त्याखाली पोकळी. कॅब थेट ठेवला की सगळं स्टेज ढोलासारखं घुमतं आणि बास वाजवणाऱ्याची जागा गिटारच खाते. माडीवरच्या लाकडी जमिनीवरही तोच अनुभव, तिथे मात्र ट्यूबच्या घड्यांनी खरंच फरक पडला. कार्यक्रमाला घडवंची नेत नाही, मजबूत पेटी पुरते.

रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी एवढ्यासाठी उचलाउचल करू नये. माइक स्पीकरच्या जाळीला जवळजवळ टेकवून दोन्ही प्रकारे ध्वनिमुद्रण केलं, मला ते वेगळे ओळखता आले नाहीत. स्पीकर तोच राहतो, बदलते ती त्याच्यापासून कानापर्यंतची वाट.

आता जे आवडलं नाही ते. पहिल्याच आठवड्यात मोकळी ए तार वाजली की घडवंची खणखणायची. एक खूर सांध्यात ढिला होता. सुताराकडून पाचर मारून घेतली, कॅबखाली ट्यूब घातली, मग शांत झाली. खरं नुकसान वेगळं आहे. रात्री हळू आवाजात एकटा वाजवताना सूर पातळ लागतो. तळहात ठेवून तारा दाबून वाजवताना छातीत बसणारा दणका कमी झालाय, बास दीड घर वाढवूनही तो तसा परत येत नाही.

त्यावर एक मधला मार्ग सापडला. कॅब जमिनीवरच ठेवून पुढच्या कडेखाली विटेचा तुकडा द्यायचा, म्हणजे तो मागे कलतो. फेंडरच्या ट्विन रिव्हर्बला बाजूचे कलते पाय असतात ते यासाठीच. जमिनीचा आधार राहतो आणि झोत कानाकडे येतो. अॅम्पचा हेड, म्हणजे कॅबवर ठेवलेला अॅम्पचा सुटा डबा, मात्र आधी उतरवा, कलत्या कॅबवरून तो घसरतो.

सध्या रात्री नऊनंतर वीट, तालमीला घडवंची. घडवंचीच्या जागेवर फरशीला खडूने चार खुणा केल्यात, भिंतीपासून दीड हात सोडून. आई झाडताना त्या पुसते, मी पुन्हा काढतो.