ऑफिसच्या मेलला गाळणी कुठली: होस्टिंगची, स्वतःची की क्लाउडची?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात देवगडच्या एका आंबा व्यापाऱ्याकडे दुबईच्या गिऱ्हाइकाचा फोन आला. ऑर्डरची मेल टाकून तीन दिवस झाले, उत्तर का नाही? हिशेब बघणारे काका शपथेवर सांगत होते, "मेल इलीच नाय." खोटं बोलत नव्हते ते. मेल सर्व्हरवर आली होती, पण स्पॅमच्या फोल्डरात पडली होती, आणि काकांचं आउटलुक पॉपनं जोडलेलं. पॉप ही सर्व्हरवरची मेल कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची जुनी पद्धत, आणि ती फक्त इनबॉक्स उतरवते. सर्व्हरवरचा स्पॅम फोल्डर त्या ऑफिसात कुणी जन्मात उघडला नव्हता.

तेव्हापासून कुणी "स्पॅम-व्हायरससाठी काय घेऊ?" विचारलं की मी आधी विचारतो, अडवलेली मेल रोज बघणार कोण? कचरा कमीजास्त सगळेच अडवतात. चुकून अडलेली चांगली मेल किती लवकर हाती लागते, तिथे खरा फरक पडतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात मला भेटणारी ऑफिसं पाच ते चाळीस माणसांची: पतसंस्था, हॉटेलं, कॅनिंगवाले, शाळा चालवणाऱ्या संस्था. त्यांच्यापुढे पर्याय तीन.

वेबसाइटच्या होस्टिंगबरोबर फुकट आलेली मेल बहुतेकांकडे आधीपासून असते. तिथे गाळायचं काम बहुधा स्पॅमअसॅसिन करतं. मेलमधल्या एकेका खुणेला ते गुण देतं आणि बेरीज ५ झाली की मेल स्पॅम ठरते. हे शिकवलं तर शिकतं, पण मूळ सेटिंगमध्ये निदान २०० चांगल्या आणि २०० वाईट मेल दाखवल्याशिवाय शिकलेलं वापरत नाही. एवढी शिकवणी घ्यायला ऑफिसात वेळ कुणाला? मजकुराचे नियम बरेचसे इंग्रजीवर बेतलेले, त्यामुळे देवनागरीतली "तुमचे कर्ज मंजूर झाले आहे" त्यातून सहज निसटते. व्हायरससाठी क्लॅमएव्ही चालू आहे की नाही, ते होस्टिंगवाल्याला विचारायचं. शिवाय एकाच आयपीवर, म्हणजे सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या पत्त्यावर, कित्येक डोमेन नांदतात. शेजाऱ्यानं घाण केली की तुमची कोटेशनंही समोरच्याच्या स्पॅममध्ये. चार माणसांच्या ऑफिसाला हे चालतं, मात्र पॉप काढून आयमॅप लावा, म्हणजे सर्व्हरवरचा स्पॅम फोल्डरही दिसतो. त्याला पैसे पडत नाहीत.

स्वतःची गाळणी हा माझा आवडता पर्याय, आणि तरी मी तो क्वचितच सुचवतो. प्रॉक्समॉक्स मेल गेटवे हे मेल सर्व्हरच्या पुढे बसून गाळणारं सॉफ्टवेअर फुकट उतरवता येतं. आत स्पॅमअसॅसिन आणि क्लॅमएव्हीच आहेत, पण कारभार आपल्या हातात. डोमेनचा एमएक्स, म्हणजे मेल कुठल्या सर्व्हरकडे जावी ते सांगणारी नोंद, त्याच्याकडे वळवायचा. तो मेल गाळून मागच्या सर्व्हरकडे देतो. ग्रेलिस्टिंग लावलं की अनोळखी सर्व्हरला पहिल्या खेपेला "जरा वेळानं या" म्हणून परत पाठवतो. खरा सर्व्हर पुन्हा येतो, कचरा फेकणारे बरेचसे येत नाहीत. (बँकेचा ओटीपी मेलवर येत असेल तर तोही उशिरा येईल, तेवढी सूट आधीच देऊन ठेवा.) अडवलेल्या मेलची यादी रोज ज्याची त्याला मिळते आणि यादीतूनच मेल सोडवता येते. काकांची ऑर्डर दुसऱ्याच दिवशी सापडली असती.

पण मशीन ठेवणार कुठे? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर वीज कधी आली ते श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीत कुणालाही विचारा. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी भरलं. आपलं मशीन बंद असलं की पाठवणारा सर्व्हर साधारण चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा येऊन बघतो, मग मेल परत फिरते. म्हणजे हा पर्याय घ्यायचाच तर मशीन भाड्याचं, दूरच्या डेटा सेंटरातलं. अडवलेली मेल मूळ सेटिंगनुसार ७ दिवस राहते. गौरीगणपतीत आठवडाभर कुलूप लावणाऱ्यांनी ती मुदत वाढवून ठेवावी. आणि अपडेट करायला, लॉग बघायला माणूस लागतो. एका संस्थेत असा हुशार पोरगा होता. त्याला पुण्याला नोकरी लागली, ॲडमिनचा पासवर्डही त्याच्याबरोबर गेला.

राहिलं क्लाउड, म्हणजे गूगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५. पैसे माणशी, दरमहा, आणि व्यवस्थापक मंडळाला तेच खुपतं. पण जगभरची मेल यांच्या डोळ्यांखालून जाते, त्यामुळे नवी लाट लवकर ओळखू येते. जीमेल ईएक्सई, जेएस, व्हीबीएस असल्या फायली घेतच नाही. मायक्रोसॉफ्ट तर पेटीत पोचलेली मेल नंतर वाईट ठरली तर मागे काढून घेतं. आपल्या गेटवेनं एकदा सोडलेली मेल सुटलीच. लिंका उघडताना तपासून देणारी सोय मात्र मायक्रोसॉफ्टच्या कुठल्या प्लॅनमध्ये आहे ते आधी विचारून घ्या. जीमेलचा स्पॅम ३० दिवस राहतो आणि मोबाइलवर दिसतो, पण इथेही पॉप लावलंत तर काकांचीच गत. खर्चाचं म्हणाल तर चौकशी, बुकिंग, अकाउंट्स अशा पत्त्यांना वेगळी पेटी नको, ग्रुप करा, म्हणजे ती मेल माणसांच्या आपापल्या पेट्यांत येते. पंचवीस पेट्यांच्या पंधरा होतात.

कॉम्प्युटरवरचा अँटिव्हायरस, क्विक हील असो की विंडोजबरोबर येणारा डिफेंडर, या तिघांना पर्याय होत नाही, तो हवाच. पासवर्ड लावलेली झिप आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये, असं आलं की गाळणीला सहसा आत बघता येत नाही. ती फाइल उघडते तेव्हा पकडायला तिथे हाच असतो.

बँक खातं बदलल्याची मेल मात्र तिघांपैकी कुणी पकडेल यावर विसंबू नका. तुम्हाला माल देणाऱ्याची खरीच पेटी कुणीतरी ताब्यात घेतलेली असते. ना व्हायरस, ना लिंक, आधीच्या पत्रव्यवहाराखालीच "यापुढे या खात्यात भरा". जुन्या, आधीपासून जवळ असलेल्या नंबरावर फोन करून विचारायचं. पैसे गेलेच तर लगेच बँक आणि १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. तुमच्या नावानं दुसऱ्यांना असं जाऊ नये म्हणून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या मेल खरंच तुमच्याकडूनच आली का ते तपासू देणाऱ्या नोंदी डोमेनवर लावा, पर्याय कुठलाही घेतलात तरी. डीमार्क "नन"वर, म्हणजे नुसते अहवाल आणि कारवाई नाही अशा सेटिंगवर, ठेवून लोक विसरून जातात. काही आठवडे अहवाल बघून तो "क्वारंटाइन"वर न्या, म्हणजे तुमच्या नावाची खोटी मेल स्पॅममध्ये जाईल.

माझं मत विचाराल तर दहाच्या वर माणसं आणि पगारी आयटीवाला नाही, तर क्लाउड घ्या आणि दोन टप्प्यांची पडताळणी सगळ्यांना सक्तीची करा, अध्यक्षांनासुद्धा. आयटीवाला असेल, पेट्या शंभराच्या घरात असतील, तर गेटवेचा हिशोब मांडून बघा. एमएक्स बदलायचा तो आंब्याचा हंगाम संपल्यावर, जूनमध्ये, शनिवारी संध्याकाळी. आणि बदलल्यावर जुना सर्व्हर उघडा ठेवू नका: गेटवे घेतला असेल तर त्यानं फक्त गेटवेकडूनच मेल घ्यावी, क्लाउडवर गेला असाल तर डोमेनची मेल तिथे बंदच करा. नाहीतर कचरा टाकणारे जुन्या पत्त्यावर सरळ येत राहतात.