मोठ्या बुचातून काढलेलं सँपल

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाणी ओसरल्यावर काय झालं ते आमच्यासारख्या विजेच्या मोटारी भरणाऱ्यांना, म्हणजे जळलेल्या मोटारीत तांब्याची तार नव्याने गुंडाळणाऱ्यांना, विचारा. माझं वर्कशॉप गुहागर रस्त्याच्या चढावर, त्यामुळे माझ्याकडे पाणी आलं नाही, पाण्यातून निघालेल्या मोटारी आल्या. पिठाच्या गिरणीच्या, विहिरीवरच्या, सोसायट्यांच्या टाक्यांच्या. आठवड्याभरात चाळीसेक मोटारी चिखलासकट दारात ओळीने पडल्या.

एरवी ओली मोटार वाळवायची तर स्टेटरमध्ये, म्हणजे तार भरलेल्या बाहेरच्या पोकळ भागात, दोनशे वॅटचा बल्ब सोडायचा, वर गोणपाट टाकायचं, झालं. पण वीजच नव्हती. माझ्याकडे जुन्या बाजारातून घेतलेला एक हीटर पडून होता, लहान तोफेसारखा दिसणारा. पुढून गरम हवेचा झोत मारतो. पंखा आणि ठिणगी यांच्यापुरता छोटा जनरेटर पुरतो, बाकी धग रॉकेलची किंवा डिझेलची. तासाला तीन लिटर पितो आणि साधारण तीस किलोवॅट देतो. एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो: असा उघड्या जाळाचा हीटर लिटरभर इंधन जाळतो तेव्हा जवळजवळ लिटरभर पाणी वाफ होऊन त्याच हवेत मिसळतं. शटर बंद करून लावलात तर मोटार वाळण्याऐवजी घामेजते, आणि माणूस गुदमरतो तो वेगळाच. शटर अर्धं वर हवंच.

प्रश्न राहिला काय जाळायचं याचा. दोन्ही चालतं. पण डिझेल जाड, फवारा नीट फुटला नाही की काजळी धरतं. रॉकेल पातळ, स्वच्छ जळतं. काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बनमधून वीज वाहते. ती वायंडिंगवर, म्हणजे गुंडाळलेल्या तारेवर, बसली की आपण वाळवतोय काय आणि बिघडवतोय काय! म्हणून मला रॉकेलच हवं होतं. रेशनचं निळं या कामाला वापरायचं नाही, म्हणून खुल्या बाजारातल्या पांढऱ्या रॉकेलची चौकशी चालली होती. नाक्यावर चहा पिताना हे सगळं मी मोठ्याने, चारचौघांत बोललो होतो. माझं ज्ञान पाजळायची खोड, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टेम्पो दारात.

“शेट, मोटारी वाळवताय ना? डिझेलच्या नादाला लागू नका, काजळी धरेल. पांढरं रॉकेल आहे, अस्सल.”

माझंच वाक्य मला परत ऐकवलं त्याने, आणि मला वाटलं, वा, माणूस जाणकार आहे. पंपावर डिझेल तेव्हा शंभरीला टेकलेलं. हा बहात्तर म्हणाला. दोनशे लिटरचा ड्रम, चौदा हजार चारशे, रोख. बिल मागितलं तर म्हणाला, “पुरात पावती पुस्तकं गेली हो, दादा.” त्या आठवड्यात कोणाचं काय गेलं नव्हतं? पटलं.

सँपल मात्र मी घेतलं. ड्रमच्या झाकणाला दोन बुचं असतात, एक दोन इंची, एक पाऊण इंची. त्याने मोठं उघडलं, नळी सोडून काचेच्या ग्लासात अर्धा ग्लास काढलं. पाण्यासारखं नितळ. डब्याच्या झाकणात ओतून वात पेटवली, जाळ स्वच्छ. मी म्हटलं, तळातलं दाखव. त्याने नळी पार खालपर्यंत घातली आणि पुन्हा काढलं. तेही नितळ! लहान बुचाकडे मी हात नेला तर म्हणाला, “ते तोटी लावताना काढा, आत्ता पावसाचं पाणी जाईल.” पाऊस पडतच होता.

ड्रम घोडीवर आडवा केला, लहान बुचाच्या जागी तोटी बसवली. तोटी ढसाढसा करून थांबायला लागली. आत हवा जात नसली की असं होतं, म्हणून वरचं मोठं बूच सैल केलं. तरी तेच. तिथे डोकं चालायला हवं होतं. नाही चाललं. अकरा मोटारी धुऊन मांडलेल्या, गिरणीवाल्या काकी रोज दोन वेळा येऊन उभ्या राहायच्या. भाच्याने बॅटरीच्या उजेडात डबा भरला आणि टाकीत ओतला. तो डबा कोणी नीट बघितलाच नाही.

रात्रभर हीटर चालला. मेगर, म्हणजे तारेचं इन्सुलेशन किती शाबूत आहे ते मोजायचं मीटर, लावला तर आकडा खाली. यात घाबरण्यासारखं काही नसतं. मोटार तापायला लागली की इन्सुलेशनचा आकडा आधी उतरतो, ओल निघाली की चढतो. वीस वर्षं बघतोय. म्हणून मी चढायची वाट बघत बसलो. ४१५ व्होल्टच्या मोटारीला निदान एक मेगोहम तरी हवा. दुसऱ्या दुपारीही काटा शून्याला चिकटलेला. मधल्या वेळात हीटर तीनदा आपोआप बंद पडला. त्यात जाळ बघणारा एक डोळा असतो, तो काजळला की जाळ विझला समजून सगळं बंद करतो. भाचा दर वेळी बटण दाबून परत चालू करत होता. तिसऱ्या वेळी आत साठलेलं न जळलेलं इंधन एकदम पेटलं. भप्प! तोंडातून हातभर जाळ बाहेर. पोराच्या भुवया गेल्या, डोळे वाचले.

तेव्हा कुठे स्टेटरमध्ये बोट फिरवलं. बोट काळं. टाकीतलं इंधन बाटलीत काढून उजेडात धरलं तर चहासारखं, आणि वास थिनरचा. सकाळपर्यंत बाटलीच्या तळाला पाण्याचा थर आणि वर काळपट गाळ. जळकं इंजिन ऑइल पातळ करून भरलेलं, असा माझा अंदाज. कागदावर टाकलेल्या थेंबाचा पिवळा तेलकट डाग दोन दिवसांनीही तसाच होता. रॉकेल असं डाग धरून बसत नाही.

तरी नितळ सँपल आलं कुठून, हे कळेना. ड्रम उभा करून लहान बुचातून तार आत घातली, ती आडवी फिरवताना कशावर तरी आपटली. मग ड्रम रिकामा केला, दोनदा पाण्याने काठोकाठ भरून धुतला आणि पाणी आत असतानाच छिन्नीने झाकण कापलं. (ग्राइंडर लावू नका, ठिणगीने आतली इंधनाची वाफ पेटून ड्रम फुटतो.) मोठ्या बुचाखाली दोन इंची पाइप वेल्ड केलेला, थेट तळापर्यंत, खालून बंद. त्यात मावतं दीड लिटर. तेवढंच खरं रॉकेल. नळी कितीही खाली घाला, फिरणार त्या पाइपातच. तोटी ढसाढसा का करत होती तेही तेव्हा उमगलं: मोठ्या बुचाची हवा ड्रममध्ये पोचतच नव्हती.

सहा मोटारी धुऊन, पुन्हा वाळवून, वार्निश करून सुटल्या. पाच माझ्या खर्चाने नव्याने भरल्या. गिरणी आठ दिवस उशिरा सुरू झाली. राहिलेल्या मोटारी मी पंपावरच्या डिझेलवर वाळवल्या. हीटरचा नोझल आणि फिल्टर साफ करून घेतला, जाळ पिवळा पडला की लगेच बंद करायचा असं भाच्याला बजावलं, आणि काजळी आली नाही. ज्या डिझेलला मी नावं ठेवत होतो त्यानेच काम केलं. पंपावर डेन्सिटी, म्हणजे इंधनाची घनता, तपासून मागितली तर हायड्रोमीटर लावून दाखवतात, पावती मिळते. ड्रम घ्यायचाच असेल तर दोन्ही बुचं उघडायला लावा, सँपल लहान बुचातून, तळातून घ्या, आणि रात्रभर बाटलीत ठेवल्याशिवाय पैसे देऊ नका. थांबायला तयार नसेल तर जाऊ दे त्याला.

त्याचा फोन त्याच रात्रीपासून बंद. पोलिसांत अर्ज दिला. टेम्पोचा नंबर विचारला, तर माझ्याकडे नव्हता. पाटीवर चिखल थापलेला होता, आणि त्या आठवड्यात चिपळुणात प्रत्येक गाडीच्या पाटीवर चिखल होता. अर्जात ती जागा मोकळीच आहे.